लग्नघर आणि फोटोग्राफर

(मंडळाच्या तिळगूळ समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. दर वर्षी ह्या दिवशी कोणी डॉक्टरीणबाई आहाराविषयी बोलतात, कोणी मुलांच्या अभ्यासाविषयी बोलतात. मी जन्मभर शाळेत गणित शिकविले. व्यासपीठावर उभे राहून सांगण्यासारखे माझ्याजवळ काय असणार? परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही घरची दोन कार्ये उरकलीत, जावानणंदांच्या घरच्या कार्यांचे हिशेब ठेवलेत. यंदा आपल्या मंडळातल्या कितीतरी घरी लग्ने आहेत, आणि फोटोग्राफरचा विषय निघाला की जी ती कुरकुर करते. त्यावर बोला." विषय घरगुती निघाला, म्हणून धीर करून उभी राहिले. आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगेन.

लग्न पाहावे करून, असे आपण म्हणतो. त्या 'पाहावे' ह्या शब्दाला हल्ली अगदी शब्दशः अर्थ आला आहे. लग्न होते एक दिवस आणि पाहिले जाते वर्षभर!

माझे लग्न १९७४ सालच्या वैशाखात झाले. वडील गिरणीत कारकून होते. फोटोग्राफरला दोन रोल सांगितले होते. एका रोलवर बारा फोटो येत, म्हणजे सगळ्या लग्नाचे मिळून चोवीस. बाबांनी त्याला चोवीसही फोटो आधी मोजून दिले होते: अंतरपाटाचा एक, कन्यादानाचा एक, सप्तपदीचा एक, व्याह्यांच्या भेटीचा एक, असे. त्यातले दोन बिघडले. उरलेले बावीस काळ्या कागदाच्या अल्बममध्ये कोपरे चिकटवून बसविलेले आहेत, मध्ये पातळ पांढरा कागद आहे. आजही तो अल्बम उघडला की कोण कोणाच्या शेजारी उभे आहे ते मी डोळे मिटून सांगू शकते.

त्या बावीस फोटोंत माझी आजी नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होते, अशी तिची समजूत होती. फ्लॅशचा दिवा दिसला की ती पदर तोंडावर घेऊन उठून जाई. आपण हसतो, पण ही समजूत तिची एकटीची नव्हती. ज्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखविला, त्यांनी त्याच्या कितीतरी आधी फोटोचा व्यवसाय करून पाहिला होता. बडोद्यास त्यांचा धंदा बसला तो ह्याच आवईमुळे, की कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो आणि माणूस दगावतो. आणि आपल्या शेजारच्या हैदराबादेस राजा दीनदयाळ ह्या नामांकित छायाचित्रकाराने १८९२ साली बायकांसाठी निराळा जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढावयासही बाईच होती. पडद्यातल्या बायकांना पुरुषापुढे बसावयास नको म्हणून ही सोय. तेव्हा बायकांचा आणि कॅमेऱ्याचा संकोच फार जुना आहे. तो पुरता गेला आहे असे मला वाटत नाही. ह्या गोष्टीकडे मी पुन्हा येईन.

आता कामाचे बोलू.

पहिली गोष्ट तारखेची. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात, आणि एका चांगल्या तिथीला आपल्या सोलापुरात किती कार्यालयांतून सनई वाजत असते ते तुम्ही पाहताच. फोटोग्राफर एक आणि त्या दिवशीची लग्ने चार. अशा वेळी दुकानात आपल्याशी गोड बोलतो तो एक, आणि लग्नाच्या दिवशी कॅमेरा घेऊन येतो तो दुसराच, कालपर्यंत त्याच्या हाताखाली दिवे धरणारा पोऱ्या. म्हणून कार्यालय ठरल्याबरोबर फोटोग्राफरही ठरवावा, आणि पहिला प्रश्न भावाचा न विचारता हा विचारावा, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही स्वतः येणार का? आणखी किती जण असतील?"

दुसरी गोष्ट नमुन्याची. दुकानातला मोठा अल्बम पाहून भुलू नये. तो पन्नास लग्नांतून निवडलेल्या पन्नास फोटोंचा असतो. त्यापेक्षा एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखवा म्हणावे, त्या घराची हरकत नसेल तर. हळदीपासून पाठवणीपर्यंत. भाताची परीक्षा शितावरून होते हे खरे, पण शीत आपण उचललेले असावे, त्याने काढून दिलेले नव्हे.

तिसरी गोष्ट कागदाची. आपण बायका भाजीवालीशी रुपया-आठ आण्यांसाठी घासाघीस करतो, आणि इथे हजारो रुपयांचा व्यवहार तोंडी करतो. माझ्या भाचीच्या लग्नात असेच झाले. एका दुकानदाराशी सगळे तोंडी ठरले होते. लग्नानंतर तो सांगू लागला की एक मेमरी कार्ड खराब झाले, सप्तपदीचे फोटो नाहीत. पैसे तर निम्म्याहून अधिक दिलेले. पावती नाही, चिठ्ठी नाही. भांडावे तरी कशाच्या जोरावर?

तेव्हा एका कागदावर साध्या मराठीत लिहून घ्यावे. किती माणसे येणार, किती वाजता येणार, कुठवर थांबणार. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही की एकच. अल्बम किती पानांचा. फोटो किती दिवसांत हाती येणार. आगाऊ किती, लग्नादिवशी किती, आणि अल्बम हाती पडल्यावर किती. थोडी रक्कम शेवटपर्यंत हातची ठेवावी. ही अविश्वासाची गोष्ट नाही. शिंपी सुद्धा शेवटचे पैसे पोलका दिल्यावरच घेतो. आणि एक वाक्य अवश्य घालावे, की फोटो काढले त्याच रात्री त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवली जाईल. चांगले फोटोग्राफर दोन कार्डांवर एकदम फोटो उतरवितात. तसा कॅमेरा आहे का, एवढे विचारले तरी आपल्याला कळते हे त्यांना कळते.

पैसे दिलेले असतील, पावती असेल, आणि तरीही काम झाले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, दुकान परगावचे असले तरी. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला त्या तक्रारीची फी पडत नाही. ही वेळ कोणावर न येवो, परंतु माहीत असावे.

आणखी एक कायद्याची गोष्ट बहुतेकींना ठाऊक नसते. हल्ली आपल्या मुलीचा हळदीचा फोटो आपल्या हाती येण्याआधी दुकानाच्या जाहिरातीत मोबाइलवर दिसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन आपण आपल्यासाठी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा. 'वेगळा करार केला नाही तर' हे शब्द मात्र ध्यानात ठेवा. दुकानदाराच्या छापील कागदावर बारीक अक्षरात उलटे लिहिलेले असेल आणि आपण सही करून बसलो असू, तर मग बोलता येत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी चष्मा लावावा. आणि कोणते फोटो लोकांना दाखवावयास हरकत नाही, ते मुलीला विचारून आपणच सांगावे. तिच्या बापाला किंवा भावाला नव्हे, मुलीला.

चौथी गोष्ट विधींची. सोलापूर म्हणजे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांचे गाव. प्रत्येक घरच्या लग्नाचा नेमका क्षण निराळा. आपल्याकडे शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट खाली येतो, तो क्षण. आमच्या शेजारी पद्मशाली कुटुंब आहे, त्यांच्याकडे वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात, तोच त्यांचा मुहूर्त. फोटोग्राफर कितीही हुशार असला तरी आपल्या घरची रीत त्याला कशी कळणार? कोणाकडे झाल पाठवणीच्या आधी, कोणाकडे नंतर. कोणाकडे कानपिळी मोठ्या थाटाची, कोणाकडे नाहीच. लग्नाच्या आधी एक दिवस त्याला घरी बोलवावे, चहा द्यावा, आणि क्रमाने सगळे लिहून द्यावे.

आणि माणसांची यादी द्यावी. हे मी जरा जोर देऊन सांगते. नुसती नावे पुरत नाहीत. आपल्या घरातला एखादा जाणता मुलगा किंवा मुलगी दिवसभर फोटोग्राफरबरोबर द्यावी. "ह्या आमच्या अक्कलकोटच्या आत्या, हे बार्शीचे मामा," असे बोट दाखवून सांगणारे कोणी नसेल तर तो बिचारा जो भरजरी दिसेल त्याचे फोटो काढतो.

आता लग्नाच्या दिवसाचे. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो हे मी सोलापूरकरांना सांगावयास नको. उघड्यावरचे फोटो सकाळी नवाच्या आत नाहीतर संध्याकाळी उन्हे कलल्यावर. दुपारी दोन वाजता नवरीला गच्चीवर उभी केली तर फोटोत नवरी न येता घामच येतो. कार्यालयातल्या रंगीत दिव्यांकडेही पाहून ठेवावे. जांभळ्या दिव्याखाली हळदीची नवरी निळी दिसते, मग फोटोग्राफरला बोल लावून उपयोग नाही. निदान विधीपुरते तरी साधे पांढरे दिवे ठेवा, असे कार्यालयवाल्यांना सांगावे.

गुरुजी आणि फोटोग्राफर ह्यांचे जुने वैर आहे. "जरा थांबा, पुन्हा एकदा हार घाला," असे तो म्हणतो आणि गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडतात. माझे म्हणणे असे की मुहूर्ताची वेळ गुरुजींची आणि त्यानंतरचा वेळ फोटोग्राफरचा. दोघांची आधी ओळख करून द्यावी. एकदा एकमेकांची नावे कळली की माणसे सांभाळून घेतात. पण कन्यादान किंवा सप्तपदी फोटोसाठी दुसऱ्यांदा करावयास लावू नये. ज्या विधीला आपणच विधी मानीत नाही, त्याचा फोटो ठेवून काय करावयाचे?

आणि फोटोग्राफरच्या आड येतात कोण? आपणच! अंतरपाट खाली येण्याची वेळ झाली की मामा, मावशा, मित्रमंडळी, सगळ्यांचे मोबाइल वर. शेवटी फोटोत दिसतात ते चाळीस मोबाइल आणि मध्ये कुठेतरी वराचा फेटा. माझ्या मुलाच्या लग्नात गुरुजींनीच ध्वनिक्षेपकावरून सांगितले, "मंडळी, दोन्ही हात अक्षतेसाठी मोकळे ठेवा." सगळे हसले आणि मोबाइल खाली गेले. ही युक्ती तुम्हीही करा.

ड्रोन नावाचे उडते यंत्र हल्ली मागविले जाते. त्याची हौस असेल तर असो, पण होटगी रस्त्याच्या आपल्या विमानतळावरून २०२५ साली प्रवासी विमाने सुरू झाली, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या परिसरात परवानगीवाचून ड्रोन उडविता येत नाही. परवानगीचा कागद फोटोग्राफरकडे मागावा. लग्नाआधी किल्ल्यावर किंवा तलावावर जाऊन फोटो काढण्याची टूम निघाली आहे, तिलाही हेच लागू. भुईकोटासारख्या संरक्षित वास्तूत परवानगी लागते का, ते आधी विचारून घ्यावे. पहारेकऱ्याने बाहेर काढल्यावर नटलेली मुलगी रडवेली होते.

एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. पहाटे हळदीपासून उभा असलेला तो माणूस रात्री वरातीपर्यंत उभाच असतो. पहिल्या पंगतीत तो जेवू शकत नाही, कारण पंगतीचे फोटो हवे असतात. शेवटच्या पंगतीला शेंगापोळी संपलेली असते. त्याचे आणि त्याच्या मदतनिसांचे ताट आधीच काढून ठेवावे, आणि वेळेवर कोणी तरी नेऊन द्यावे. ह्यात उपकार नाहीत, रीत आहे. आणि हल्ली ह्या धंद्यात मुलीही आल्या आहेत. नवरीच्या खोलीत, साडी नेसताना, आईच्या गळ्यात पडताना, तिथे मुलगी असली की मोकळेपणा राहतो. दीनदयाळांनी जे सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले, ते आपण अजून मागून घ्यावयास लाजतो.

लग्न झाले. आता पुढे? तीन महिने अल्बम नाही म्हणून आपण फोटोग्राफरच्या नावाने खडे फोडतो. पण अल्बमात कोणते फोटो घालावयाचे ते निवडून देण्याचे काम आपले असते, आणि दोन हजार फोटोंतून दोनशे निवडताना घरात दोन तट पडतात. सासरचे किती, माहेरचे किती! एक दिवस ठरवावा, दोघा-तिघांनी बसावे, आणि निवडून मोकळे व्हावे. रखडण्याचे अर्धे पाप आपल्या पदरी असते. लग्नाची नोंदणी करावयाची असेल तर तिथे पत्रिकेबरोबर लग्नातला एखादा फोटोही मागतात, तेव्हा तेवढे चार फोटो पहिल्या आठवड्यातच मागून घ्यावेत.

आणि नुसत्या पेन ड्राइव्हवर विसंबू नये. थोरल्या पुतण्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आमच्या कपाटात आहे. तिला बुरशी आली आहे आणि ती लावावयाचे यंत्र घरात राहिलेले नाही. माझे बावीस फोटो मात्र पन्नास वर्षे टिकले. म्हणून दोन निराळ्या घरी दोन प्रती ठेवा, आणि पाच-पंचवीस फोटो कागदावर छापून घ्या. न निवडलेले फोटोही सगळे मागून घ्या. दुकानदार ते सहसा काही महिन्यांनी पुसून टाकतात, कारण त्यांनाही जागा लागते. हे मी का सांगते, तेच आता सांगावयाचे आहे.

माझ्या मुलीचे लग्न २०११ साली झाले. माझ्या सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. मामंजी जाऊन वीस वर्षे झाली होती. लग्नात कोठीघर त्यांच्याकडे होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात वही. किती नारळ गेले, किती खण आले, मानाच्या साड्या कोणत्या ट्रंकेत, सगळे त्यांना तोंडपाठ. चार दिवस त्या कोठीतून हलल्या नाहीत. घरच्या मंडळींचा फोटो काढावयाची वेळ आली तेव्हा मुलीने हाक मारली, "आजी, ये ना!" त्या दारातूनच म्हणाल्या, "मी कशाला गं पुढे? शुभकार्य आहे. तुम्ही घ्या काढून."

मी आग्रह केला नाही. खरे तेच सांगते. त्यांनी आपणहून ओळखले म्हणून मला त्या घटकेला बरेच वाटले. विहीणबाई काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात होता. मी शाळेत मुलांना शिकविणारी बाई, आणि मनात हा विचार!

दीड वर्षाने त्या गेल्या. तेराव्याला लावण्यासाठी फोटो शोधू लागलो तर घरात त्यांचा धड एकही फोटो नाही. मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला, तर तो कोणाचाच वाटेना. मी लग्नाचे सगळे फोटो काढून बसले. एकोणीसशे फोटो. वाढप्यांचे फोटो होते, घोड्याचे होते, आइस्क्रीमच्या टेबलाचे अकरा फोटो होते. त्यांचा एक नाही. एका ठिकाणी ताट पुढे करणारा हात आणि किल्ल्यांचा जुडगा, एवढेच.

मी रागारागाने त्या फोटोग्राफरकडे गेले. "घरातल्या सगळ्यांत वडील बाईचा एक फोटो तुम्हाला काढता आला नाही?" तो तरुण मुलगा. उलट बोलला नाही. खणातून एक घडी केलेला कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. लग्नाआधी मी त्याला दिलेली यादी होती ती. माझ्याच अक्षरातली, नंबर घातलेली, एकेचाळीस नावांची. "बाई," तो म्हणाला, "ह्यात त्यांचे नाव नाही."

गणिताच्या बाईने केलेली यादी, आणि बेरजेत घरचे माणूसच राहून गेलेले.

पण त्या मुलाने मला नुसते परत पाठविले नाही. "न दिलेले फोटो जुन्या डिस्कवर आहेत का पाहतो," म्हणाला. दोन रात्री बसून त्याने शोधले आणि एक फोटो आणून दिला. अक्षता पडण्याच्या वेळचा. पुढे गर्दी, वर उडालेले तांदूळ, आणि मागे कोठीच्या दारात सासूबाई. एक हात चौकटीला, दुसरा हात वर, अक्षता टाकताना. हात हललेला आहे, चेहरा जरा पुसट आहे, म्हणून त्याने तो निवडीतून काढून टाकला होता. कोणी पाहत नाही असे समजून त्यांनी नातीवर अक्षता टाकल्या होत्या. त्याने पैसे घेतले नाहीत. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. येणाऱ्या पाहुण्यांना वाटते की हिला चांगला फोटो मिळाला नाही काय. मी काही सांगत नाही.

भगिनींनो, आपण फोटोग्राफरकडून काय अपेक्षा करावी हा आजचा विषय. मला इतकेच उमगले की आपण ज्याला पुढे उभे करतो त्याचा फोटो तो काढतो. घराने ज्याला मागे ठेवले ते माणूस फोटोतही मागेच राहते, आणि मग ते कायमचे राहते.

२०२२ सालच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की गावात पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे ह्या प्रथा बंद. त्या विचारामागे आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे ह्यांची खटपट होती. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरविण्यास सांगितले. मी ते वर्तमानपत्रात वाचले तेव्हा माझ्यापुढे कोठीचे दार उभे राहिले. ठराव ग्रामपंचायतीने करावयाचा; आपल्या घरची यादी मात्र आपणच करावयाची असते.

२०२३ साली माझ्या मुलाचे लग्न झाले. माझी धाकटी बहीण २०२१ साली कोरोनात विधवा झाली होती. फोटोग्राफर मुलीला मी यादी दिली, तिच्यात पहिले नाव बहिणीचे होते. तिने मुलाला हळद लावली, औक्षण केले. एक-दोन जणी कुजबुजल्या. कुजबुजू द्या. फोटोत कुजबूज येत नाही! दुसरे नाव स्वयंपाकाच्या मावशींचे होते. तिसरे माझ्या चुलत सासऱ्यांचे, ज्यांना जिना चढवत नाही म्हणून ते खालीच खुर्चीवर बसून होते. फोटोग्राफर मुलगी आपणहून खाली गेली आणि वधूवरांना त्यांच्यापाशी घेऊन आली. ते काका आता नाहीत. तो फोटो आहे.

म्हणून यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना माझे एकच सांगणे आहे. यादी करताना आधी ही तीन नावे लिहा: जे कामात आहे म्हणून फोटोत येणार नाही ते, जे संकोचाने मागे सरकेल ते, आणि जे पुढच्या कार्याला कदाचित नसेल ते. मग बाकीच्यांची लिहा. भरजरी माणसांचे फोटो यादीवाचूनही निघतात.

आपल्या गड्ड्याच्या जत्रेत, संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचा आणि कुंभारकन्येचा विवाहसोहळा दर वर्षी होतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसे, उंच नंदीध्वज, आणि संमती वाचून झाली की एकदम उसळणाऱ्या अक्षता. त्या गर्दीत अक्षता टाकणाऱ्या हाताला, तू कोण, सवाष्ण की विधवा, असे कोणी विचारीत नाही. गावच्या देवाच्या लग्नात जे चालते, ते आपल्या घरच्या लग्नात का चालू नये?

आपल्या मंडळाने हळदीकुंकवाचा तिळगूळ समारंभ केला आणि सगळ्याच जणींना बोलावणे धाडले, ह्याचा मला फार आनंद वाटतो. आता थोड्याच वेळात सगळ्या जणींचा एकत्र फोटो काढावयाचा आहे. चहाच्या खोलीत ज्या भांडी आवरीत आहेत त्यांनाही हाक मारा. त्या आल्याशिवाय फोटो काढू नका.

एवढे बोलून मी आपली रजा घेते. तिळगूळ घ्या, गोड बोला.